रविवारचा शेतकरी बाजार : वर्षभर ३८ डबे चालवून सांगते

मी नागपुरात, प्रतापनगरात घरून डबे देते. सध्या ३८ डबे आहेत. निम्म्याहून जास्त शिकणारी मुलं, बाकी बँकेतले, दवाखान्यातले, आणि दोन एकटे राहणारे आजोबा. बारा वर्षं झाली या कामाला. त्यातली अकरा वर्षं किराणा इतवारीतून आणि भाजी कॉटन मार्केटमधून आणली. मागच्या दिवाळीनंतर मात्र डाळ, तांदूळ, तिखट, हळद, जवस आणि हंगामाची भाजी आमच्या बाजूच्या शाळेच्या मैदानावर दर रविवारी भरणाऱ्या शेतकरी बाजारातून घ्यायला लागले. आता वर्ष झालं. ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात, "खरंच काही वेगळं मिळतं का, की नुसतं महाग?" दर वेळी फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

बाजार छोटा आहे. वीस-बावीस मांडण्या, सकाळी साडेसातला सुरू, अकराला आवराआवर. काटोल-नरखेडकडचे संत्र्यावाले, भिवापूर-उमरेडकडचे मिरची आणि चणा-तुरीवाले, भंडारा जिल्ह्यातून तांदळावाल्या दोन बचत गटाच्या ताया, वर्धा जिल्ह्यातून समुद्रपूरकडचे हळदवाले, आणि कुही-मौद्याकडून भाजीवाले. नियम एकच आहे आणि तो पाळला जातो, हे मी वर्षभर पाहिलं: जे स्वतःच्या वावरात पिकलं किंवा स्वतःच्या घरी केलं, तेच विकायचं. कळमन्याच्या घाऊक बाजारातून पोतं उचलून आणून इथे मांडता येत नाही. प्रत्येक मांडणीपुढे एक पुठ्ठा असतो. त्यावर गावाचं नाव, वाणाचं नाव आणि माल कधी निघाला ते लिहिलेलं. पुठ्ठ्यावर वाणाचं नाव वाचायची सवय मला इथेच लागली. आधी मी दुकानात "चांगला तांदूळ द्या" एवढंच म्हणायची.

मैदानाच्या टोकाला कडुलिंबाखाली एक टेबल असतं. त्याला सगळे "ओळखीचं टेबल" म्हणतात. दर रविवारी एकच वस्तू. पिकवणारा स्वतः अर्धा तास उभा राहून सांगतो, कोणीतरी ती रांधून आणतं, आणि सगळ्यांना चवीपुरतं मिळतं. माझ्या मते या बाजाराची खरी कमाई हे टेबल आहे. माल काय, फिरून शोधला तर दुसरीकडेही सापडेल. त्या मालाचं काय करायचं, हे सांगणारं माणूस दुकानात उभं नसतं.

पहिल्याच रविवारी मला हे कळलं. नोव्हेंबर होता. मी संत्री निवडत होते आणि हिरवट दिसणारी बाजूला ठेवत होते. काटोलकडचे काका म्हणाले, "ताई, रंगावर नका जाऊ. रात्री थंडी पडल्याशिवाय संत्र्याले रंग येत नाही. आतून पिकला आहे, सोलून पाहा." आणि एक हिरवं-पिवळं फळ घेऊन त्यांनी माझ्यासमोर सोललं. साल सैल, एका ओढीत निघाली. फोडी रसानं तट्ट. आंबटगोड, अगदी जशी आंबिया बहाराची असायला पाहिजे तशी. मी नागपूरची, संत्र्याच्या गावची, आणि पन्नाशी उलटल्यावर मला हे कळत होतं!

पुढे त्यांनीच समजावलं. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतं. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. मृगाचं फळ जास्त गोड. ऑक्टोबरच्या उबेत आंबियाचं फळ पिकलं तरी साल हिरवी राहते, म्हणून शहरातलं गिऱ्हाईक ते बाजूला सारतं, आणि मग व्यापारी वायू सोडून रंग आणतात. फळ वजनाला जड लागलं पाहिजे, देठाजवळ साल फार फुगलेली नको, एवढं पाहायचं. रंग शेवटी पाहायचा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त या भागातल्या मालालाच लावता येतं, हे पेपरात वाचलं होतं. पण त्या मानांकनाचा मला घरी उपयोग झाला तो काकांच्या या पाच मिनिटांमुळे. आता डब्यात हिरवट संत्रं गेलं तर मी चिठ्ठी टाकते: "पिकलेलं आहे, सोलून पाहा." एकही फळ परत येत नाही.

आता तिखट. माझ्या स्वयंपाकाचा हा कणा आहे, त्यामुळे थोडं लांबवते.

भिवापुरी मिरची आपल्या जिल्ह्याची. आखूड, लाल, आणि तिखटपणात कोणाला हार न जाणारी. तिलाही भौगोलिक मानांकन आहे. माझ्या सासूबाई दर वर्षी उन्हाळ्यात भिवापूरकडची मिरची आणून गच्चीवर वाळवायच्या. त्या गेल्यावर ते बंद झालं, आणि मी तयार तिखटाच्या पाकिटावर आले. बाजारातल्या भिवापूरच्या मावशींनी सांगितलं की खरं भिवापुरी वाण लावणारे आता थोडेच उरलेत. संकरित वाणाला उत्पन्न जास्त, एका आकाराची लांब मिरची येते आणि व्यापाऱ्याला तीच पाहिजे असते. मावशींच्या घरी दर वर्षी झाडावरची चांगली फळं राखून बी धरतात. त्यांनी रुमालाची गाठ सोडून मला ते बी दाखवलं. फिकट पिवळं, चपटं, तिळाहून थोडं मोठं. त्या गाठीत पुढच्या वर्षीचं अख्खं वावर बांधलेलं होतं.

मावशींचं तिखट मी पहिल्यांदा नेहमीच्याच मापानं घातलं. ३८ डब्यांच्या रश्श्याला सहा चमचे. दुपारी दीडपासून फोन सुरू झाले. एका आजोबांना ठसका लागून त्रास झाला, त्याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मावशींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. कसं घालायचं ते नीट सांगितलं: चार चमचे पुरे, रंग पाहिजे असेल तर तिखट वाढवायचं नाही, कोमट तेलात आधी थोडं तिखट भिजवून मग फोडणीत सोडायचं, आणि तेल फार तापलं असेल तर तिखट जळून कडवट होतं आणि रंग काळपट येतो. तेव्हापासून चार चमच्यांत काम होतं. भाव किलोला जास्त दिसतो, पण एक तृतीयांश कमी लागतं हे धरलं तर हिशेब फार वेगळा नाही. रश्श्यावर जी तर्री येते ती लाल येते, नारिंगी नाही. सावजीचा रस्सा करणाऱ्या आमच्या शेजारीणबाई दुसऱ्याची स्तुती सहसा करत नाहीत. त्यांनीही वाटीभर तिखट मागून नेलं.

एक गोष्ट मावशींनी न विचारता सांगितली. देठ खुडण्याचं काम बाया सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या मोकळ्या जागेवर, बसून दिवसभर करतात. मिरचीचे ढीग, वर ऊन, हाताची आग, डोळ्यांत पाणी. त्या स्वतः वीस वर्षं सातऱ्यावर जात होत्या. तिखटाचं पाकीट घेताना हे कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

तांदळाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण सगळे एचएमटी खातो. नागपुरात लग्नाच्या पंगतीपासून मेसच्या ताटापर्यंत तोच. पण तो आला कुठून, हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे जेवणाऱ्या कृषीच्या मुलालाही नव्हतं. ओळखीच्या टेबलावर तांदळाचा रविवार होता, तेव्हा भंडाऱ्याच्या ताईंनी दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, मराठवाड्यातलं नांदेड वेगळं. तिथले हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या 'पटेल ३' धानाच्या बांधीत (भातखाचरात) काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून घरी वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. असं वर्षानुवर्षं केल्यावर बारीक दाण्याचं, चांगल्या उताऱ्याचं वाण स्थिर झालं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांचं नाव घरोघरी होतं, म्हणून तांदळाला तेच नाव पडलं. पुढे त्यांनी नांदेड चिन्नोर, डीआरके अशी आणखी वाणं काढली. जून २०१८ मध्ये ते गेले. शेवटच्या आजारपणात पैशाची ओढाताण होती, हे तेव्हा पेपरात आलं होतं.

ताई हे सांगत असताना टेबलावर तीन वाट्यांत भात ठेवलेला होता: एचएमटी, चिन्नोर आणि हातसडीचा. शेजारी तीन सुपांत कच्चा तांदूळ. त्यांनी आम्हाला आधी हात घालायला लावला. एचएमटी बोटांतून सरसर गळतो. चिन्नोर बारीक, तळहातावर घासला की घासल्या जागी वास सुटतो. हातसडीचा थोडा खरखरीत, त्यावर कोंड्याची तांबूस रेघ राहिलेली. मग भात चाखला. चिन्नोरला वरण लागत नाही, नुसतं तूप-मीठ पुरतं. भंडारा चिन्नोरला मानांकन आहे, तेव्हा त्याच्या नावाखाली दुसराच सुवासिक तांदूळ विकला जातो. ओळखायची खूण ताईंनी दिली: कच्च्या दाण्याला भसकन वास येत असेल तर वरून सुगंध लावलेला असण्याची शक्यता धरा; चिन्नोरचा वास मंद असतो आणि शिजताना फुलतो.

आणखी एक कामाची गोष्ट. नवा तांदूळ आणि जुना तांदूळ यांना पाणी वेगळं लागतं, हे आपल्याला ढोबळ माहीत असतं. पण दुकानातल्या पोत्यावर तारीख असते ती भरल्याची, धान कापल्याची नसते. इथे पुठ्ठ्यावर कापणीचा महिना असतो. गेल्या डिसेंबरचा एचएमटी मी जानेवारीत वाटीला पावणेदोन वाट्या पाणी घालून शिजवला, आणि तोच तांदूळ ऑक्टोबरात सव्वादोन वाट्यांवर गेला. माझा भात वर्षभरात एकदाही गिचका झाला नाही. डब्याचं काम करणाऱ्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते डब्याचं काम करणाऱ्यालाच कळेल.

आता तक्रार. ती झालीच आणि ती लिहिलीच पाहिजे.

मार्चमध्ये मी एका मांडणीवरून घाण्याचं जवसाचं तेल दोन लिटर घेतलं. लहानपणी आजीकडे उसळीवर कच्चं जवसाचं तेल घ्यायचो, ती चव आठवली म्हणून. घरी येऊन बाटली उघडली तर वास वार्निशचा. जिभेवर टेकवलं तर कडू. दोन्ही बाटल्या गेल्या. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या होत्या आणि सकाळपासून उन्हात मांडलेल्या होत्या. पुढच्या रविवारी परत नेल्या. विकणारा तरुण मुलगा आधी म्हणाला, "शुद्ध आहे म्हणून वास येतो." मला फार राग आला. शुद्ध तेलाला वार्निशचा वास येत नाही. ज्या बाजारात गिऱ्हाइकाला शिकवायचं व्रत घेतलंय, तिथे असं काहीतरी सांगून वेळ मारून नेणं मला सहन झालं नाही, आणि मी तसं मोठ्यानं बोलले.

बाजार चालवणाऱ्या मंडळींनी ते ऐकलं. पैसे परत मिळाले. पण मला पैशापेक्षा पुढचं जास्त भावलं. दोन आठवड्यांनी ओळखीच्या टेबलावर जवस आलं, आणि त्याच मुलाला उभं केलं होतं. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की आपलं तेल का बिघडलं. जवसाच्या तेलात ओमेगा तीन हे स्निग्धाम्ल भरपूर, अर्ध्याहून जास्त तेच. आणि तेच उजेड, हवा, उष्णता लागली की पटकन खराब होतं. रंगाच्या कामात जवसाचं तेल वापरतात तेही त्याच गुणामुळे, कारण ते हवेत सुकून घट्ट होतं. म्हणून खायचं तेल गडद बाटलीत, थोडं-थोडं, ताजं काढून घ्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि तळणाला वापरायचं नाही. अख्खं जवस मात्र महिनोन्महिने टिकतं. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता, पण एकही गोष्ट त्यानं लपवली नाही. आता तो तपकिरी काचेच्या पाव लिटरच्या बाटल्या आणतो, त्यावर घाणा फिरवल्याची तारीख लिहितो. मी त्याच्याकडूनच घेते.

माझा सल्ला मात्र अख्खं जवस घ्या असाच आहे. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, लसूण-तिखट-मीठ-जिरं घालून जाडसर कुटा. मिक्सरला एकदम फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो, थांबत-थांबत फिरवा. एका वेळी आठवड्यापुरतीच करा. भाकरीवर ही चटणी आणि वर थोडं तेल. माझ्या डब्यातली कोल्हापूरची दोन मुलं आता सुट्टीत घरी जाताना बरणी भरून नेतात.

मुलांचं सांगायलाच पाहिजे, कारण या बाजारामुळे माझ्या डब्यात जो बदल झाला तो तिथे दिसतो. सुरुवातीला हेटीच्या फुलांची भाजी दिली तर चार डबे तसेच परत आले. "काकू, हे फुलं आहेत, खायचे असतात का?" असा फोन आला. विचारणारा मुलगा नागपूरचाच, मानेवाड्याचा. मी बाजारातल्या भाजीवाल्या काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याले झाड दाखव." पुढच्या रविवारी त्यांनी हेटीची फांदीच आणली, फुलासकट, शेंगेसकट. मी तिचा फोटो मुलांना पाठवला आणि चिठ्ठीत लिहिलं: पुण्या-मुंबईकडे याला हादगा म्हणतात; आतला दांडा काढून टाकायचा नाहीतर कडू लागतो; बेसन लावून किंवा कांद्यावर परतून करतात. त्या वेळी एकच डबा परत आला.

तेव्हापासून मी दर रविवारी एक चिठ्ठी लिहिते. बरबटी (चवळीच्या शेंगा), पोपटाच्या शेंगा (वालाच्या), काटवल (करटोली), अंबाडी, तरोटा (टाकळा), मुंगण्याच्या शेंगा (शेवग्याच्या), सांबार (कोथिंबीर). हे आपले शब्द आहेत आणि आपलीच मुलं ते विसरत चालली. माझ्याकडची एक मुलगी सांबार म्हटलं की इडलीबरोबरचं समजायची. कोथिंबीर हा शब्द तिला शाळेच्या पुस्तकातून आलेला. पावसाच्या पहिल्या सरींनंतर तरोटा येतो, तो फक्त कोवळा असतानाच खायचा. अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचं आणि वरून लसणाची खमंग फोडणी द्यायची. या गोष्टी मला माहीत होत्या, पण आळसानं आणि "मुलं खाणार नाहीत" या समजानं मी बारा महिने आलू, पत्ताकोबी, मटर यांतच फिरत होते. समज चुकीचा होता. मुलं खातात. त्यांना आधी सांगावं लागतं.

२०२३ साली सगळीकडे भरडधान्याच्या वर्षाचा गाजावाजा झाला, तेव्हा मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं आली. बिस्किटापेक्षा भाकरी स्वस्त आहे, आणि ती कशी थापायची हे इथे एका रविवारी परातीत पीठ मळून, प्रत्येकीच्या हातात गोळा देऊन शिकवलं. अठरा-वीस वर्षांच्या पोरी होत्या, दोन मुलगेही होते. एकाची भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला सगळ्यात जास्त आवडलेला रविवार लाखोळीचा. लाखोळी म्हणजे लाखेची डाळ देणारं कडधान्य. थंडीत लाखोळीची कोवळी पानं भाजीला येतात आणि पूर्व विदर्भात ती वाळवूनही ठेवतात. धान कापायच्या आधीच, बांधीत ओल असताना, उभ्या धानात लाखोळी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघालं की खाली हिरवळ तयार. पण नाव काढलं की जुनी माणसं दचकतात, आणि त्यांचं दचकणं खोटं नाही. दुष्काळात महिनोन्महिने फक्त लाखोळीच खाल्ली तर पायातली शक्ती जाते. दाण्यात तसा विषारी घटक असतो. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. नंतर तो घटक कमी असलेली रतन, प्रतीक यांसारखी वाणं निघाली, आणि ही बंदी उठवावी म्हणून आपल्या नागपुरातून डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. टेबलावर हे दोन्ही बाजूंनी सांगितलं. डाळ विकायला ठेवली नव्हती, फक्त भाजी होती. कशाची भीती धरायची आणि कशाची नाही, हे सांगितलं: डाळ रोजच्या जेवणाचा एकमेव आधार करायची नाही, जुन्या बाया ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देत, त्यामागे कारण होतं. एक ऐंशीच्या आसपासचे आजोबा मागे उभे होते. ते म्हणाले की त्यांच्या गावातला एक माणूस असाच काठीवर आला होता. सगळे गप्प झाले. मग त्याच आजोबांनी भाजीची जुडी घेतली आणि घरी कशी करतात ते आम्हाला सांगितलं.

गोड बोलून खपवायचं सोडून धोकाही सांगणारा बाजार मी दुसरा पाहिला नाही. तसा हा विचार आपल्या भागात नवा नाही. १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा गांधीजी आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथल्या मगनवाडीत बसून हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, गूळ, पालेभाज्या याबद्दलच लोकांना समजावत होते. माझे वडील तिथलं ऐकून आले होते आणि आमच्या घरी पॉलिश तांदूळ बरीच वर्षं येत नव्हता.

आता उणिवा, सरळ सांगते. महाग आहे. तूरडाळ किलोमागे वीस-पंचवीस रुपयांनी जास्त पडते. ती बिनपॉलिशची असते, शिजायला वेळ लागतो, एक शिटी जास्त, म्हणजे गॅसही जास्त. मी दोन डाळी मिसळून भागवते, कारण डब्याचा दर मला एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. ज्यांचं पोट हातावर आहे त्यांना हा बाजार अजून परवडत नाही, आणि बाजारवाल्यांनी याचा विचार करायला पाहिजे. लहान मापात, पाव-पाव किलोत विकलं तरी बराच फरक पडेल.

"सेंद्रिय" या शब्दाबद्दल सावध राहा. काहींकडे प्रमाणपत्र आहे, काहींकडे नुसता शब्द. मी आता सेंद्रिय का असं विचारत नाही, मी विचारते, "या वर्षी फवारणी किती वेळा केली आणि कशाची?" खरा शेतकरी या प्रश्नाला अडखळत नाही. काटोलच्या काकांनी सरळ सांगितलं की फळगळ वाढली तेव्हा त्यांना औषध मारावं लागलं, केव्हा मारलं तेही सांगितलं. मला ते उत्तर कोणत्याही शिक्क्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटलं.

जून ते ऑगस्ट बाजार विरळ होतो. पेरणीचे दिवस, माणसं वावरात. त्या महिन्यांत रानभाज्यांशिवाय फार काही मिळत नाही, तेव्हा धान्य-डाळ मे महिन्यातच भरून ठेवा. नऊनंतर गेलात तर चांगली भाजी संपलेली असते.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. पहाटे चारला गाव सोडून येणाऱ्या बायांसाठी मैदानावर प्रसाधनगृहाची सोय नाही. शाळेचं रविवारी कुलूपबंद असतं. त्या ताया सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी दोनदा सांगितलं, "बघतो" म्हणाले. गिऱ्हाइकांनीही विचारलं तर लवकर होईल, म्हणून इथे लिहिते. जाल तेव्हा तुम्हीही विचारा.

सध्या काय घ्यावं? आंबियाची संत्री जोरात आहेत. नवा एचएमटी आत्ता-आत्ता येतोय, पाणी कमी घाला. जुना चिन्नोर संपत आलाय. असेल तर उचला. हेटीची फुलं आहेत. भिवापुरी मिरचीचा नवा माल अजून यायचाय, तिखटाची घाई करू नका. समुद्रपूरकडची वायगाव हळद नवीन निघायला वेळ आहे, पण मागच्या वर्षीची हळकुंडं मिळतात. ती घेऊन घरी कुटली तर वरणात निम्मी पुरते. वायगाव हळदीलाही मानांकन आहे आणि तिच्यात रंग देणारं कुरकुमीन जास्त असतं, पण ते वाचायची गरज पडत नाही. हळकुंड मोडलं की आत जो गडद नारिंगी रंग दिसतो, तो पुरे.

येत्या रविवारी ओळखीच्या टेबलावर चणा आहे. उमरेडचे भाऊ गावरान चण्याबद्दल सांगतील आणि रांधायचं काम या वेळी माझ्याकडे दिलंय. गोळाभात करते आहे. तीन किलो चणाडाळीचा भरडा काढून ठेवला, भात एचएमटीचाच. गोळे अर्ध्या शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे, त्यामुळे ते तिथेच करावे लागतील. आठ वाजता पातेलं चढवेन आणि पावणेनऊच्या सुमारास हिंग-मोहरीची फोडणी वरून घालेन. चिंचेचं सार घरून आणते. ताटली आणि वाटी तुमची तुम्ही आणा, तिथे कागदाच्या प्लेटा वापरत नाहीत.